रसेलची पंधरा नंबरची पोर्टर

भानुदास गोंडाणेने आयुष्यात बिअरचा एक घोटही घेतला नव्हता, आणि तरीही बिअरचे तेवीस मुख्य प्रकार त्याला नंबरासकट पाठ होते. व्हर्जिनियातल्या हर्नडनच्या ऑफिसात हे कोणाला ठाऊक नव्हतं. तिथे तो सॉफ्टवेअर तपासणारा माणूस होता. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममध्ये चुका शोधायच्या, त्या कशा घडतात ते नीट लिहून काढायचं आणि त्या दुरुस्त झाल्या का ते पुन्हा बघायचं, हे त्याचं काम. शुक्रवारी संध्याकाळी मंडळी हॅपी अवरला जात, तेव्हा हा क्रॅनबेरी ज्यूसचा ग्लास हातात धरून अर्धा तास उभा राहायचा आणि घरी यायचा. कोणी आग्रह केला तर म्हणायचा, "आमच्यात चालत नाही." त्यापुढे स्पष्टीकरण देण्याचा त्याचा स्वभाव नव्हता.

तो नागपूरच्या इंदोऱ्याचा. वडील गिरणीत होते, ती बंद पडल्यावर घरी बसले. आई जाईबाई वस्तीतल्या महिला मंडळात होती. मंडळाच्या बायकांनी दोन वर्षं खेटे घालून कोपऱ्यावरचा दारूचा गुत्ता उठवला होता, आणि त्या दोन वर्षांत जाईबाईने स्वयंपाक दिवस मावळायच्या आत उरकला होता, कारण संध्याकाळी गुत्त्यासमोर बसायला जायचं असे. घरी पंचशील रोज म्हटलं जायचं. भानुदासला पाचवं, दारूपासून दूर राहण्याचं शील कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. कोपऱ्यावर काय होतं ते त्याने पाहिलं होतं.

नागपूरलाच इंजिनिअरिंग करून तो आधी पुण्याला आणि मग एका कन्सल्टिंग कंपनीतर्फे व्हर्जिनियाला आला. बायको मोनाली भंडाऱ्याची. मुलगी वल्लरी इथेच जन्मली. भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांच्या रांगेत त्यांचं घर शेवटून दुसरं होतं, आणि अगदी शेवटच्या घरात रसेल डोनाह्यू एकटे राहत.

रसेल शहात्तर वर्षांचे होते. त्यांनी जन्मभर जमीन मोजायचं काम केलं होतं. काउंटीतल्या निम्म्या रस्त्यांच्या कडेला खुंट्या त्यांनी रोवलेल्या होत्या. पत्नी चार वर्षांपूर्वी विस्मरणाच्या आजारात गेली होती. शेवटच्या वर्षात ती त्यांना तिचा भाऊ समजत असे. ही हकिगत त्यांनी भानुदासला एकदाच सांगितली, २००३च्या फेब्रुवारीत मोठं हिमवादळ झालं तेव्हा, दोघं मिळून दारातला बर्फ उपसत असताना. सांगून झाल्यावर त्यांनी फावडं हातात घेतलं आणि पुन्हा कामाला लागले.

त्यांचा छंद बिअर बनवण्याचा. महिन्यातून एक-दोन शनिवारी त्यांचं गराज उघडं असे आणि मोठ्या पातेल्यात मोड आणून वाळवलेले जव उकळत असत. पहिल्यांदा तो वास आला तेव्हा मोनाली म्हणाली, "सातूच्या पिठासारखा वास येतोय." आणि खरंच तसा येत होता. वास कशाचा हे कळल्यावर तिने खिडकी लावून घेतली. पण भानुदासला त्या माणसाची कामाची पद्धत आवडली. रसेल प्रत्येक खेप वहीत लिहीत. तारीख, पाणी किती, जव कुठले, किती वेळ उकळले, तापमान किती. अक्षर बारीक आणि सरळ, जमिनीच्या नकाशावर असतं तसं. वहीत लिहिलं की मग तेच कॉम्प्युटरवर चढवायचं. बिअर बनवणाऱ्यांसाठी ओरेगनमधल्या एका दातांच्या डॉक्टरने फावल्या वेळात एक छोटा प्रोग्राम तयार केला होता आणि रसेल तो चार वर्षं वापरत होते.

२००५च्या एप्रिलमध्ये त्यांच्या क्लबची स्पर्धा झाली. रसेलची पोर्टर, म्हणजे काळी, भाजक्या चवीची जुन्या इंग्लिश पद्धतीची बिअर, त्या क्लबात प्रसिद्ध होती. दोनदा पहिली आली होती. यंदा तिला पन्नासपैकी सतरा गुण मिळाले.

मे महिन्यातल्या पहिल्या शनिवारी भानुदास सांबारवडीची, म्हणजे कोथिंबीर भरलेल्या वड्यांची ताटली घेऊन त्यांच्याकडे गेला, तेव्हा परीक्षकांचा कागद स्वयंपाकघरातल्या टेबलावर पडला होता. रसेलनी तो त्याच्यापुढे सरकवला. परीक्षकाने लिहिलं होतं की बिअर उत्तम आहे, पण नोंद गव्हाच्या जर्मन बिअरमध्ये केली आहे. गव्हाची बिअर पिवळट आणि हलकी असते, ही काळी आहे, तेव्हा प्रकारात बसत नाही.

"तुम्ही गव्हाची म्हणून दिली?" भानुदासने विचारलं.

"फॉर्म प्रोग्राममधूनच छापून येतो. मी न वाचता सही केली. प्रकार निवडताना माझ्याच हातून चुकलं असणार." रसेल खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आणि ही पहिलीच वेळ नाही, भानू. गेले काही महिने बघतोय. मी एक लिहितो आणि नंतर उघडून पाहतो तर दुसरंच असतं. कोणाला बोललो नाही."

हळूहळू बाकीचंही बाहेर आलं. ओहायोत राहणाऱ्या मुलीला, कॅरनला, स्पर्धेचं कळलं होतं. मार्चमध्ये ती आली होती तेव्हा गॅस तासभर चालू राहिला होता, तेही तिच्या लक्षात होतं. तिने मेच्या अखेरची डॉक्टरची वेळ घेतली होती. घर विकून ओहायोला येण्याबद्दल ती फोनवर बोलली होती.

"तिचं बरोबर आहे," रसेल म्हणाले. "मी हे एकदा जवळून पाहिलंय. सुरुवात अशीच होते."

धीर द्यायला जे शब्द लागतात ते भानुदासला कधी वेळेवर सुचत नसत. त्याने विचारलं, "मला ती यादी बघता येईल?"

रसेलनी कॉम्प्युटर सुरू केला. त्रेसष्ट बिअरी होत्या. भानुदासने वही मांडीवर घेतली आणि वरपासून लावून बघायला सुरुवात केली. वहीत जी पोर्टर होती, ती पडद्यावर जर्मन गव्हाची दिसत होती. असं एका ठिकाणी नव्हतं, आठ ठिकाणी होतं. वहीतली प्रत्येक स्टाउट, म्हणजे आणखी दाट काळी बिअर, पडद्यावर बेल्जियन झाली होती. वहीतली इंडिया पेल एल पडद्यावर तिसऱ्याच, तांबूस बिअरींच्या गटात जाऊन बसली होती, तीही दर वेळी त्याच गटात.

"मिस्टर डोनाह्यू," तो म्हणाला, "माणूस चुकतो तेव्हा वेगवेगळा चुकतो. आठही वेळा अगदी सारखंच चुकलंय. हे तुम्ही केलेलं वाटत नाही."

रसेल त्याच्याकडे बघत राहिले. "मग कोणी केलं?"

"ते शोधायला लागेल. मला चार शनिवार द्या."

घरी आल्यावर त्याने मोनालीला सांगितलं. ती वल्लरीची वेणी घालत होती. "म्हणजे तू आता बिअरच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करणार," ती म्हणाली. "फुकट. वीकेंडला."

"त्यांना वाटतंय की त्यांचं डोकं बिघडलं."

मोनालीने वेणीला रबर लावलं. "मग कर," ती म्हणाली.

भानुदासने ऑफिसात करतो तसंच केलं. एका दोनशे पानी वहीत तीन रकाने आखले. बिअरचा नंबर, रसेलच्या वहीतला प्रकार, पडद्यावरचा प्रकार. मग प्रश्न विचारले. हे असं दिसायला लागलं कधीपासून? रसेलना नक्की सांगता येईना. मध्ये काही बदललं का? नाही, म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, नाताळात कॅरनने नवीन कॉम्प्युटर आणून दिला, प्रोग्रामची नवी आवृत्तीही तिनेच चढवली.

दुसऱ्या शनिवारी भानुदासने रसेलचा जुना कॉम्प्युटर तळघरातून वर आणला. तो सुरू व्हायला सात मिनिटं लागली. त्यावर प्रोग्रामची जुनी आवृत्ती तशीच होती. नव्या कॉम्प्युटरवरची फाइल त्याने सीडीवर घेऊन जुन्यावर उघडली. सगळ्या पोर्टरी पुन्हा पोर्टरी झाल्या. फाइल एकच, अक्षर न अक्षर तेच. जुन्यात बरोबर दिसते, नव्यात चूक दिसते.

कारण सापडायला आणखी एक शनिवार गेला. बिअरच्या परीक्षकांची जी संघटना आहे, तिने आदल्या वर्षी प्रकारांची यादी नव्याने लावली होती. जुन्या यादीत पंधरा नंबरला पोर्टर होती, नव्या यादीत पंधरा नंबर गव्हाच्या जर्मन बिअरला गेला आणि पोर्टर बारावर आली. सोळाला स्टाउट होती, तिथे बेल्जियन आली. दातांच्या डॉक्टरने नव्या आवृत्तीत नवी यादी घातली. पण प्रोग्राम प्रत्येक बिअरबरोबर प्रकाराचं नाव साठवतच नव्हता, नुसता नंबर साठवत होता. रसेलच्या जुन्या बिअरींचे नंबर तेच राहिले आणि त्या नंबरांचे अर्थ बदलले. गल्लीतल्या घरांवर नवे नंबर टाकले आणि पोस्टमन जुन्या पत्त्यांची पत्रं नव्या नंबरांच्या घरांत टाकत राहिला, तसा प्रकार.

भानुदासने कारण रसेलना सांगण्याआधी सगळ्या त्रेसष्ट बिअरी त्यावर तपासायच्या ठरवल्या. अर्धवट तपासून निष्कर्ष काढायची त्याला सवय नव्हती. नाताळाआधीच्या बावन्न होत्या. त्यांतल्या सत्तेचाळीस चुकीच्या दिसत होत्या, आणि सत्तेचाळीसही नंबरांच्या अदलाबदलीने तंतोतंत उलगडल्या. उरलेल्या पाच पहिल्या नंबरच्या होत्या. त्या नंबरचा अर्थ दोन्ही याद्यांत जवळपास तोच होता, म्हणून वाचल्या होत्या.

मग नाताळानंतरच्या अकरा राहिल्या. या नव्या यादीतूनच निवडलेल्या, तेव्हा बरोबर असायला हव्या होत्या. सात बरोबर होत्या. चार नव्हत्या. दोन ठिकाणी वहीत एक प्रकार होता आणि पडद्यावर भलताच, आणि त्या दोन चुकांचा एकमेकींशी काही संबंध लागत नव्हता. एक बिअर दोन दिवसांच्या अंतराने पुन्हा नोंदली होती, दुसऱ्या वेळी वेगळ्या नावाने. आणि फेब्रुवारीतली एक वहीत नव्हतीच. ज्या माणसाने तीस वर्षांत एक पान कोरं सोडलं नव्हतं, त्याच्या वहीत त्या आठवड्यात काही लिहिलेलं नव्हतं.

भानुदासने या चारही दोनदा तपासल्या. मग आणखी एकदा. प्रोग्रामचा दोष निघावा असं त्याला वाटत होतं, आणि तसं वाटणं तपासणाऱ्या माणसाला शोभत नाही हेही त्याला कळत होतं. दोष निघाला नाही.

"चार कशाला सांगतोस?" मोनाली म्हणाली. "सत्तेचाळीस सांग. ते खरंच आहे ना? उगाच म्हाताऱ्या माणसाच्या जिवाला घोर."

"अर्धा रिपोर्ट देऊ?"

"ऑफिसचा रिपोर्ट आहे का तो?"

तो पुढच्या शनिवारपर्यंत विचार करतो म्हणाला.

मध्ये बुद्धजयंतीचा कार्यक्रम आला. मेरीलँडमधल्या एका शाळेचा हॉल भाड्याने घेऊन तीसेक कुटुंबं जमली होती. वंदना झाली, जेवणं झाली. शशिकांत काका, औरंगाबादकडचे, इथे पंचवीस वर्षं फार्मसिस्ट असलेले, कार्यक्रमाची सगळी व्यवस्था तेच बघत. बायकांच्या बोलण्यातून त्यांच्या कानावर गोष्ट गेली होती. खुर्च्या उचलताना त्यांनी भानुदासला बाजूला घेतलं.

"पाचव्या शीलात सुरामेरय म्हणतो आपण," ते म्हणाले. "तासाभरापूर्वीच म्हणालास. आणि शनिवारी तू दारूच्या याद्या नीट लावतोस, असं ऐकतो."

"काका, मी पीत नाही."

"ते माहीत आहे मला. पण याद्या नीट झाल्या की ती नीट बनणार, आणि कोणीतरी पिणार. मी भांडत नाहीये तुझ्याशी. तू विचार केलास का, एवढंच विचारतो."

"केला," भानुदास म्हणाला. "पूर्ण पटेल असं उत्तर मिळालं नाही. पण त्या माणसाला वाटत होतं की आपलं सगळंच गेलं. ते मला तसंच सोडता येईना."

शशिकांत काकांनी दोन खुर्च्या एकमेकींवर ठेवल्या. "बरं," ते म्हणाले. त्यांना पटलं की नाही ते कळलं नाही. परत येताना गाडी हायवेला लागल्यावर भानुदास मोनालीला म्हणाला, "मी चारही सांगणार आहे." तिने मान हलवली.

डॉक्टरची वेळ मंगळवारी होती. त्याआधीच्या शनिवारी सकाळी तो दोन कागद घेऊन रसेलकडे गेला. पहिल्या कागदावर सत्तेचाळीस ओळी होत्या. त्याने एकेक समजावून सांगितली. जुनी यादी, नवी यादी, नंबर. रसेलना तिसऱ्या ओळीलाच समजलं. ते उठून बेसिनशी गेले, नळ सोडला, बंद केला आणि परत येऊन बसले.

"म्हणजे सर्व्हेचे दगड जागेवर होते," ते म्हणाले. "नकाशा बदलला."

"हो."

"मी पाच महिने स्वतःला वेडा समजत होतो." त्यांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांची नजर दुसऱ्या कागदाकडे गेली. "आणि तो काय आहे?"

भानुदासने कागद त्यांच्याकडे दिला. "या चार प्रोग्राममुळे नाहीत."

रसेलनी सावकाश वाचलं. फेब्रुवारीच्या ओळीवर बोट ठेवलं. "ही मला आठवतच नाही," ते म्हणाले. "बनवल्याचंही नाही." थोड्या वेळाने विचारलं, "त्रेसष्टपैकी चार?"

भानुदास हो म्हणू शकला असता. चार हा आकडा त्रेसष्टांत लहान दिसत होता.

"नाही," तो म्हणाला. "जुन्या बावन्नात एकही नाही. नाताळानंतरच्या अकरांपैकी चार."

बाहेर कोणीतरी गवत कापत होतं, त्या यंत्राचा आवाज जवळ येऊन लांब गेला. रसेलनी दोन्ही कागद एकावर एक ठेवून कडा जुळवल्या.

"तू हे सांगितलं नसतंस तरी चाललं असतं."

"मला अर्धंच लिहिता आलं नसतं," भानुदास म्हणाला. आणि मग त्याला वाटलं की हे पुरेसं नाही, म्हणून पुढे म्हणाला, "मला वाईट वाटतंय."

"डॉक्टरला दोन्ही दाखवतो," रसेल म्हणाले.

त्यांनी दाखवले. डॉक्टरने चाचण्या घेतल्या आणि सांगितलं की सुरुवात आहे, पण अगदी सुरुवात आहे. गोळ्या दिल्या. कॅरनशी फोनवर बराच वेळ बोलणं झालं. घर विकायचं लांबणीवर पडलं. गॅसला आपोआप बंद होणारं बटण बसलं, दर संध्याकाळी कॅरनने फोन करायचा ठरलं, आणि बिअर करायची तर एकट्याने नाही, ही तिची अट होती. रसेलनी ती मान्य केली आणि मग भानुदासला विचारलं.

अशा रीतीने भानुदास दर महिन्याला एका शनिवारी त्या गराजमध्ये बसायला लागला. रसेल बनवायचे, हा समोर बसून वहीत लिहायचा आणि लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवायचा. उकळत्या पातेल्याजवळ स्टुलावर बसून तो सोबत आणलेला चहा प्यायचा. रसेलनी त्याला कधी चव घ्यायला सांगितलं नाही.

ओरेगनच्या डॉक्टरला त्याने इमेल लिहिली होती. चूक कशी घडवायची, काय दिसतं, काय दिसायला हवं, दोन्ही याद्यांचा तक्ता सोबत. दोन दिवसांत उत्तर आलं. गेल्या काही महिन्यांत असंच काहीतरी कळवणारी वीसेक पत्रं आली होती, डॉक्टरने लिहिलं होतं, पण प्रत्येकाने आपणच चुकीचं बटण दाबलं असं गृहीत धरलं होतं आणि त्यालाही ते खरं वाटलं होतं. पुढच्या आवृत्तीत नंबराबरोबर नावही साठवलं गेलं. जुनी फाइल उघडली की प्रोग्राम स्वतः विचारायचा, ही कुठल्या यादीतली? पुढची आवृत्ती बाहेर काढण्याआधी तू बघशील का, असं डॉक्टरने विचारलं. भानुदासने बघितली. त्यानंतरच्याही बघितल्या.

आईला त्याने बरेच दिवस सांगितलं नव्हतं. एका रविवारी सकाळी, म्हणजे नागपूरच्या संध्याकाळी, फोनवर सांगून टाकलं. जाईबाईने सगळं ऐकून घेतलं.

"तो बुढा लय पेते का?"

"नाही. बनवतो जास्त, पितो कमी. लोकांना वाटतो."

"आन तू?"

"मी लिहितो फक्त."

"आमी ज्याचा गुत्ता उठवला, त्यानं लोकायच्या बायकायचे डागदागिने विकाले लावले होते," जाईबाई म्हणाली. "हा तसा दिसत नाही. पण पोरीले त्या गराजात नको नेऊ." वल्लरी गराजात कधी गेली नाही.

हे तीन वर्षं चाललं. २००७च्या हिवाळ्यात रसेलनी भानुदासला दोनदा दुसऱ्याच कोणाच्या तरी नावाने हाक मारली. कुठल्या पातेल्यात काय आहे ते मध्येच विसरू लागले. शनिवारी भानुदास आता नुसतं लिहीत नसे, पुढची पायरी वहीतून वाचून सांगत असे. २००८च्या मे महिन्यात रसेलच म्हणाले की आता पुरे. त्यांनी पातेली, पिंपं, नळ्या सगळं क्लबला देऊन टाकलं. कॅरन गाडी घेऊन आली. वह्यांचे तीन खोके तिने मागच्या सीटवर ठेवले, कारण ते डिकीत ठेवायला रसेल तयार नव्हते.

घर जूनमध्ये विकलं गेलं. नवीन माणसं कोरियन होती, दोन मुलं असलेली. मोनालीची त्यांच्याशी लवकरच ओळख झाली.

ऑक्टोबरात कॅरनचा फोन आला. वडील ठीक आहेत, म्हणाली. तिच्या घरामागच्या बागेत वाफे आखून दोरी लावून देतात, आणि दोरी अजून सरळ असते. लोकांची नावं राहत नाहीत. मध्येच त्यांनी विचारलं होतं, तो नंबरांचा घोळ ज्याने शोधला तो मुलगा कुठे आहे?

"तुम्ही काय सांगितलंत?" भानुदासने विचारलं.

"व्हर्जिनियात आहे, म्हटलं. बरा आहे. बरोबर ना?"

"बरोबर," भानुदास म्हणाला. मग त्याने तिथली हवा कशी आहे ते विचारलं. सकाळी गवतावर दव गोठायला लागलंय, असं ती म्हणाली.